झाडाला आवतण कशाला द्यायचं?

विदर्भातल्या जडीबुटीच्या दोनच तऱ्हा बाहेरच्या जगाला माहीत आहेत. एक मेळघाटातून येणाऱ्या बातमीतली. तान्ह्या बाळाचं पोट फुगलं, ते रडायचं थांबेना, म्हणून तापलेल्या विळ्याने पोटावर चटके दिले आणि बाळ अत्यवस्थ झालं. या चटक्यांना तिकडे 'डंबा' म्हणतात आणि ही बातमी पुन्हा पुन्हा छापून येते. दुसरी तऱ्हा मोबाइलवरची. कुणीतरी सागाच्या जंगलात उभं राहून हातातली मुळी दाखवतो, 'शुगर मुळासकट जाते' म्हणतो आणि खाली फोन नंबर असतो. पहिली बातमी वाचून 'हे सगळं बंद करा' म्हणणारा माणूसच दुसऱ्या व्हिडिओनंतर सकाळी गुळवेलीचा काढा पिऊ लागतो.

गावात प्रत्यक्ष जे चालतं ते या दोन्हींत दिसत नाही. तिथे औषध आणि देव एकाच पिशवीतून निघतात. मुळी खणायच्या आदल्या संध्याकाळी म्हातारा त्या झाडापाशी जातो, बुडाशी चार तांदूळ ठेवतो आणि सांगतो, उद्या तुला न्यायला येतो. याला झाडाला आवतण देणं म्हणतात. लग्नाचं देतात तसंच.

हे खुळ आहे की यात काही आहे, असं मला शहरातले मित्र विचारतात. एका शब्दात उत्तर द्यायला गेलं की फसायला होतं. ती पिशवी उलटी करून त्यातली एकेक वस्तू वेगळी तपासली तर बरंच काही कळतं.

ही माणसं कोण?

गोंड आणि कोरकू गावांत भुमका असतो. तो गावाचा पुजारी. पेरणीआधीची पूजा, गावाची शीव बांधणं ही त्याची कामं, आणि बऱ्याच ठिकाणी औषधही तोच देतो. भामरागडकडच्या माडिया गावांत पुजाऱ्याला पेरमा म्हणतात. बिगरआदिवासी गावांत असा एखादा माणूस नुसता 'औषधवाला बुढा' असतो. हाड बसवणारा वेगळा, काविळीचा वेगळा, विंचवाचा वेगळा. रस्त्याकडेला तंबू ठोकून बाटल्या विकणारे ते हे नव्हेत. या लेखापुरतं सगळ्यांना वैदू म्हणू, म्हणजे गावात राहून झाडपाल्याचं औषध देणारा माणूस. वैदू नावाची भटकी जमातही आपल्याकडे आहे. तिच्याबद्दल मी बोलत नाही.

यातले बहुतेक पैसे मागत नाहीत. नारळ, अगरबत्ती, शेरभर धान, फार तर. पैसे घेतले तर औषधाचा गुण जातो, असं ते मानतात. या 'गुण जाण्या'कडे शेवटी पुन्हा यावं लागेल.

झाड म्हणजे कोण?

मेडिकलच्या दुकानात गोळी ही वस्तू असते. वैदूच्या लेखी झाड वस्तू नाही, शेजारी आहे, आणि शेजाऱ्याच्या घरातून काही न्यायचं तर विचारावं लागतं. जडीबुटीतला सगळा देवधर्म या एका कल्पनेवर उभा आहे.

गोंडांचा थोरला देव फडापेन. पेन म्हणजे देव. त्याचं ठाणं ऐनाच्या झाडात मानतात. कुळांचीही वाटणी असते: प्रत्येक कुळाकडे एक झाड, एक प्राणी, एक पक्षी राखायला दिलेला. ते कुळ त्याला तोडत नाही, मारत नाही. शेजारच्या कुळाला मोकळीक, पण त्यांचं वेगळं काही राखलेलं. गावातला प्रत्येक माणूस कशाचा तरी राखणदार, अशी ही व्यवस्था.

हे फक्त आदिवासींचं आहे असं समजू नका. आपल्या गावात मातामायचं देऊळ असतंच. पोराला कांजण्या आल्या की 'माता आली' म्हणतात. दारात कडुलिंबाचा डहाळा लागतो, घरात फोडणी बंद होते, बाहेरच्याला आत घेत नाहीत, पोर बरं झालं की मातामायला थंड नैवेद्य जातो. आता हेच साध्या भाषेत सांगतो: कांजण्या एकाकडून दुसऱ्याला झपाट्याने लागतात. दारातला डहाळा म्हणजे पाटी, 'इथे रोग आहे, आत येऊ नका.' पाटी वाचता न येणाऱ्या गावालाही ती वाचता येत होती. फोडणी बंद केल्याने कांजण्या लवकर जातात असं काही नाही. आणि गरोदर बाईला किंवा मोठ्या माणसाला कांजण्या झाल्या तर डहाळ्यावर थांबणं जिवावर बेतू शकतं.

म्हणजे एकाच रिवाजात कामाचं, निरुपद्रवी आणि धोक्याचं असं तिन्ही एकमेकांत मिसळलेलं असतं. पुढेही हेच दिसणार आहे.

मुसळीचं डोकं

माझ्या मामाचं गाव गडचिरोली जिल्ह्यात, जंगलाला लागून. तिथल्या एका म्हाताऱ्या वैदूबरोबर मी एकदा पांढरी मुसळी खणायला गेलो होतो. पावसाळा कधीच सरला होता, मुसळीची पानं सुकून जमिनीवर लोळत होती. आदल्या संध्याकाळी आवतण दिलेलं. सकाळी निघताना त्याने चहासुद्धा घेतला नाही आणि वाटेत एक शब्द बोलला नाही. मीच न राहवून विचारलं, बाबाजी, झाडाला काय ऐकू येतं? खणून झाल्यावर बोलला: "आपण कोनाच्या घरी गेलो त सांगून जातो ना बाप्पा? मंग हे बी त घरच आहे."

पण माझं लक्ष त्याच्या हातांकडे होतं. पहिलं झाड दिसलं, त्याला त्याने हातच लावला नाही. नुसता नमस्कार केला आणि पुढे गेला. दुसरंही सोडलं. तिसऱ्याला बसला. लोखंड न लावता लाकडी खुंटीने माती उकरली. मुसळीची मुळं बोटांसारखी असतात, एका डोक्याला लोंबणाऱ्या बोटांचा झुपका. त्याने जाड बोटं तोडून घेतली, दोन बारीक बोटं डोक्याला तशीच ठेवली आणि ते डोकं परत मातीत पुरून वर पाला लोटला.

आता वरचे तांदूळ बाजूला ठेवा आणि फक्त कृती पाहा. आदल्या दिवशी आवतण द्यायचं म्हणजे झाड उजेडी नीट ओळखून ठेवायचं. घाईत दुसरंच काही खणलं जात नाही. न बोलता जायचं म्हणजे लक्ष झाडावर. पहिलं झाड सोडायचं म्हणजे त्या जागी एकच झाड उरलं असेल तर ते आपोआप वाचतं, ही तर फारच चतुर युक्ती आहे. डोकं परत पुरायचं, कारण मुसळी त्या डोक्यापासूनच पुन्हा फुटते. मुसळीची शेती करणारे बियाण्याला हेच डोक्यासकटचं बोट वापरतात. हा सगळा कृषी विभागाच्या पत्रकात छापण्याजोगा मजकूर आहे. इथे तो पूजेच्या रूपात आहे, एवढंच.

पूजेच्या रूपात का? पत्रक मोडलं तर कुणी पाहत नाही, देवाचं मोडलं तर माणूस रात्री झोपत नाही. जंगलात पहारेकरी नसतो.

माडिया भागातले पंडुमही असेच. पंडुम म्हणजे सण. मरका पंडुम होईपर्यंत गावात कुणी आंबा तोंडात घालत नाही. तोवर कैरी पाडात येते, कोय पक्की होते. मोहाचं, इतर फळांचंही असंच. आता चारोळीचं काय झालं बघा. चाराच्या झाडाला भाव आला, आणि 'मी थांबलो तर दुसरा नेईल' या धास्तीने लोक कोवळी चारं ओरबाडू लागले. कोवळ्या फळाची बी रुजत नाही, बाजारात दरही कमी मिळतो. सगळ्यांचा तोटा, पण एकट्याने थांबून भागत नाही. थांबायचं तर सगळ्यांनी एकदम थांबावं लागतं. पंडुम नेमकं तेच करतो: गावाला एकाच तारखेपर्यंत थांबवतो.

साल पूर्वेकडूनच का?

अर्जुन किंवा कुड्याची साल काढायची तर कित्येक वैदू फक्त पूर्वेची काढतात. उगवत्या सूर्याकडची साल गुणाची, असं कारण देतात. पूर्वेच्या सालीत औषध जास्त असतं असं मानायला मला काही आधार दिसत नाही.

पण झाड सालीच्या आतल्या थरातून पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे पाठवतं. घराच्या पाण्याची पाइपलाइन सगळ्या बाजूंनी कापली तर घर कोरडं पडेल. एका बाजूची कापली तर उरलेल्यांवर निभावेल. बुंध्याभोवती गोल साल काढली की मुळं उपाशी मरतात आणि मागोमाग झाड जातं. शेतात नको असलेलं झाड मारायला लोक मुद्दाम असंच करतात. 'फक्त पूर्वेकडून' म्हटलं की गोल काढायचा प्रश्नच उरत नाही. कारण चुकीचं, नियम बरोबर.

"मग नक्षत्रही खरं म्हणायचं का?"

मुळी ठरावीक नक्षत्रावरच खणायची, असंही वैदू मानतात. तर नाही. ऋतूचं खरं, नक्षत्राचं नाही.

आमच्या संत्र्याच्या पट्ट्यात ज्याला त्याला माहीत आहे की एकाच बागेतला आंबिया बहार आणि मृग बहार चवीला सारखे नसतात. झाड तेच, माती तीच, पण फळ कोणत्या हवेत पोसलं यावर त्यातली साखर आणि आंबटपणा ठरतो. औषधी झाडातही तसंच. मुळात साठा कधी भरतो? पानांचं काम संपलं की. म्हणून मुळी पानं सुकल्यावर खणायची. चरकसंहितेत हे चक्क वेळापत्रक करून दिलेलं आहे: कोवळी पानं-फांद्या पावसाळ्यात आणि वसंतात, मुळं उन्हाळ्यात किंवा पानगळ झाल्यावर शिशिरात, साल आणि कंद शरदात. त्याच जागी पांढरं वस्त्र नेसून, उपास करून, देवांची पूजा करून वनस्पती घ्यावी असंही म्हटलंय. म्हणजे आमच्या म्हाताऱ्याचा बिनचहाचा सकाळचा फेरा काही जगावेगळा नव्हता. त्याच ग्रंथात शेळ्यामेंढ्या राखणारे, गुराखी आणि वनात राहणारे लोक वनस्पतींना नावारूपाने ओळखतात, असा मोकळा कबुलीजबाबही आहे. आणि लगेच पुढे, नुसतं नाव-रूप ओळखणं पुरेसं नाही, उपयोग कळला पाहिजे, असा शेराही.

रविपुष्याला, म्हणजे रविवारी पुष्य नक्षत्र असताना, खणलेल्या मुळीत सोमवारी खणलेल्या मुळीपेक्षा काही वेगळं सापडेल, असं मात्र नाही. खणायचे दिवस थोडे राहतात, एवढाच त्यातून जंगलाचा फायदा.

माझ्या गळ्यातली काविळीची माळ

दहावीत असताना मला कावीळ झाली. आईने शेजारच्या गावातल्या बाईकडे नेलं. तिने आधी माझ्या तळहातांना कसला तरी रस चोळला, मग चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. पाणी पिवळंधमक झालं. "पाहा माय, उतरून राह्यली," ती म्हणाली. मग झाडाच्या काडीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे दोऱ्यात गुंफलेली एक माळ डोक्यावर ठेवली. जेमतेम टाळूवर बसेल एवढी. रोज ती वाढत गेली. डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून छातीवर, आणि तीनेक आठवड्यांनी बेंबीच्या खाली. माळ वाढली, कावीळ उतरली. त्या वयात मी बाईचा भक्त झालो होतो.

आता गंमत सांगतो. आंब्याच्या सालीचा रस हाताला लावून चुन्याच्या पाण्यात धुतला तर कुणाचंही पाणी पिवळं होतं. कावीळ असो वा नसो. घरी करून पाहा. माळेतल्या काड्या ओल्या असतात आणि गाठी सरकत्या. काड्या सुकून आकसतात, गाठी ढिल्या होतात, दोरा सुटत जातो. ती दारावर टांगून ठेवली तरी वाढेल.

आणि मी बरा कसा झालो? दूषित पाण्याने होणारी नेहमीची कावीळ बहुतेक धडधाकट पोरांत काही आठवड्यांत आपोआप जाते. माळ पायाकडे पोचायला लागतात तेवढेच दिवस. त्या बाईने तेल-तिखट बंद केलं, उसाचा रस दिला, शाळा बंद करून निजवलं. ते चांगलंच केलं.

ही गोष्ट कुठल्याही उपचाराबद्दल विचार करताना लक्षात ठेवावी. रोग आपल्या चालीने बरा होणारा असेल तर शेवटी जो कुणी जवळ उभा असेल त्याला श्रेय मिळतं, मग तो वैदू असो की डॉक्टर. पण कावीळ दुसऱ्या जातीची असली, पित्ताच्या नळीत खडा असला, गरोदर बाईला झाली, तर माळ वाढत राहते आणि माणूस जातो. माळेला यातला फरक कळत नाही. रक्ततपासणीला कळतो.

मंत्राने विष उतरतं तेव्हा काय होतं?

इथे मी हातचं राखून बोलणार नाही.

आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. भारतात सापाने मरणाऱ्यांत मोठा वाटा चौघांचा: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. यांच्याही काही चाव्यांत विष शरीरात जातच नाही. तो कोरडा चावा. म्हणजे दहा जण मांत्रिकाकडे गेले तर त्यातले बरेचसे मुळातच वाचणारे होते. ते घरी चालत जातात आणि गावभर सांगतात. जो मेला तो सांगायला येत नाही, आणि त्याच्याबद्दल 'उशिरा आणला' किंवा 'पथ्य मोडलं' म्हणतात. हिशोबाची वही एकाच बाजूने लिहिली जाते.

भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं मरतात, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचा अंदाज आहे. बहुतेक खेड्यातली. विषावर एकच औषध आहे, प्रतिविष, आणि ते या चार सापांच्या विषापासून घोड्याच्या रक्तात तयार करतात. कुठलीही मुळी त्याची जागा घेत नाही. राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा आहे. नुसतं झाडपाल्याचं औषध देणं हा त्या कायद्याने गुन्हा नाही, हेही माहीत असू द्या; गावात यावरून विनाकारण घाबरवतात.

"मंत्राचा म्हणून काहीच उपयोग नाही?"

काही ठिकाणी आहे, आणि त्याची हद्द ठरलेली आहे.

आपल्याकडे कुणी नीट पाहतंय, हात लावतंय, आपल्यासाठी उपाशी राहून मुळी आणतंय, या भावनेने दुखणं खरोखर हलकं होतं. २०१० साली हार्वर्डच्या संशोधकांनी पोटाच्या जुनाट तक्रारीच्या रुग्णांना औषध नसलेल्या गोळ्या दिल्या, आणि 'यात औषध नाही' हे सांगूनच दिल्या. तरीही काहीच न दिलेल्यांपेक्षा त्यांना जास्त बरं वाटलं. औषध देण्याचा विधी हीच काही प्रमाणात मात्रा ठरते. दवाखान्यातल्या दोन मिनिटांत मान वर न करता लिहिलेल्या चिठ्ठीत ती मात्रा नसते, आणि लोक वैदूकडे का जातात याचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

गडचिरोलीच्या शोधग्राममध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हे ओळखलं. तिथला दवाखाना आदिवासी गावाच्या धर्तीवर बांधला आणि नाव ठेवलं माँ दंतेश्वरी दवाखाना. आत उपचार आधुनिक, दारात देवी.

हद्द अशी: मन ज्या गोष्टी कमी-जास्त करतं तिथेच विधी पोचतो. दुखणं, मळमळ, झोप, धास्ती. जंतू, विष, अडलेलं बाळंतपण यांना त्याचा पत्ता नसतो. आणि तान्ह्या बाळाला तर विश्वास ठेवताच येत नाही. त्याला भुमका कोण, डॉक्टर कोण, काही ठाऊक नाही. त्याचं पोट वर-खाली होतंय ते अनेकदा न्यूमोनियाने दम लागल्यामुळे. डंब्याने त्यात फक्त भाजल्याची जखम वाढते. मेळघाटात भुमकांनाच बरोबर घेऊन अशी बाळं दवाखान्यात पोचवायचे प्रयत्न आरोग्य विभागाने केले आहेत. मला तोच रस्ता शहाणपणाचा वाटतो, कारण आई आधी त्याच्याच दारात जाणार आहे.

"निसर्गातलं आहे, अपाय कसा होईल?"

आमच्याकडे कपाशीवर मारायच्या कीटकनाशकालाही 'औषध'च म्हणतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात त्याच औषधाच्या फवारणीने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. शब्द एकच, मात्रेचा फरक. झाडांचंही तसंच. धोत्रा, बचनाग, गुंज सगळी निसर्गातलीच. बिब्याचं तेल अंगाला लागलं की फोड कसे येतात ते खेड्यातल्या पोराला सांगावं लागत नाही.

कोरोनाच्या काळात घराघरात गुळवेल उकळली गेली. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही. तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असेल, असं म्हटलं. वाद बाजूला ठेवला तरी त्यातून एक गोष्ट कळते: वेल ओळखणारा माणूस मधून निघून गेला होता. आवतण देणारा म्हातारा वेल पान, खोड, चव सगळं पाहून ओळखतो, देताना मोजके दिवस सांगतो, आणि तुमचा चेहरा पाहून 'तुले नाही देत' असंही म्हणतो. व्हिडिओने वेल घेतली आणि हे सगळं झाडाखालीच टाकून दिलं.

सर्पगंधेचं काय झालं

प्रयोगशाळा या ज्ञानाची शत्रू आहे असं वैदूंच्या बाजूचे काही लोक म्हणतात. सर्पगंधेची गोष्ट त्यांनी ऐकावी. ही मुळी पिढ्यान्‌पिढ्या झोपेसाठी, वेड लागलेल्यासाठी आणि साप चावल्यावर देत. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर उपयोगी असल्याचं लिहिलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत तिच्यातून रेसरपीन वेगळं काढलं, आणि रक्तदाबाच्या पहिल्या खऱ्याखुऱ्या गोळ्यांत त्याची गणना झाली. सापावरचा दावा मात्र गळून पडला, कारण तो टिकला नाही. वैदूचं निम्मं खरं ठरलं, निम्मं खोटं. आमच्या माळेवाल्या बाईसारखंच.

गोष्टीचा दुसरा भाग कडू आहे. मागणी वाढली, मुळी मुळासकट खणली गेली, आणि आज सर्पगंधेच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवावं लागतं. डोकं परत पुरणारे हात कुणी विकत घेतले नव्हते.

"सांगितलं की गुण जातो"

वैदू औषधाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर गुण जातो. लोक याला लबाडी म्हणतात. थोडी आहेही, धंदा राखला जातो. पण विषारी झाडाची मात्रा अर्धवट कळलेल्या माणसाच्या हाती जाऊ नये, हाही हेतू त्यात असतो. आणि नाव बाजारात पोचलं की झाड जंगलातून जातं, हे त्यांनी सर्पगंधेत, मुसळीत डोळ्यांनी पाहिलंय. तोटा असा की पोरगा पुण्याला कंपनीत गेला की म्हाताऱ्याबरोबर सगळं सरणावर जातं.

कायद्याने यावर वाट काढायचा प्रयत्न केला आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही आणली. राज्याचं मंडळ नागपुरातच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलाच्या पारंपरिक ज्ञानावर गावाचा सामूहिक हक्क मान्य केला, आणि तो कायदा वापरून धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये देशात पहिल्यांदा सामूहिक वनहक्क मिळवला. कंपनीने गावाच्या माहितीवर कमाई केली तर गावाला वाटा द्यावा, ही जैवविविधता कायद्याची मूळ कल्पना. मात्र त्या कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथात लिहिलेल्या ज्ञानाला आणि आयुषच्या वैद्यांना त्यातून सूट मिळाली. म्हणजे जे चरकात आहे ते सगळ्यांचं, आणि जे फक्त म्हाताऱ्याच्या तोंडात आहे त्यालाच संरक्षण. आता कुठलं ज्ञान आधी ग्रंथातून गुराख्याकडे गेलं आणि कुठलं गुराख्याकडून ग्रंथात आलं, हे कोण ठरवणार? चरकाने तर कबुलीच देऊन ठेवली आहे.

मामाच्या गावात नोंदवही भरायला बारावी झालेला एक पोरगा म्हाताऱ्याकडे बसला होता. रकाने ठरलेले: झाडाचं नाव, कोणता भाग, कशासाठी. म्हाताऱ्याने मुसळीचं सगळं सांगितलं. मला आश्चर्यच वाटलं. गुण जाण्याची भीती त्याने बाजूला ठेवली होती. पोरगा वही मिटायला लागला तेव्हा तो म्हणाला, "आन् तांदूळ कुठी लिवले?"

पोरगा गोंधळला. असा रकाना नाही म्हणाला. म्हातारा उठायला तयार नव्हता. शेवटी पोराने शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं: आदल्या दिवशी तांदूळ ठेवून सांगून येणे. डोकं परत पुरणे. पहिलं झाड सोडणे.

म्हाताऱ्याने ते पोराला दोनदा वाचून दाखवायला लावलं आणि मग अंगठा दिला.